अमर्याद उत्पन्नाची कमाल मर्यादा

नेटवर्क मार्केटिंगच्या प्लॅनमध्ये एका आयडीला, म्हणजे सदस्याच्या एका खात्याला, एका दिवसात किंवा एका आठवड्यात जास्तीत जास्त किती बोनस मिळू शकतो याची जी हद्द आखलेली असते, तिला कॅपिंग म्हणतात. कागदावर ती एका ओळीत मावते. 'कमाल १० पेअर प्रति क्लोजिंग' एवढाच मजकूर असतो, आणि पुस्तिकेत तो साधारणपणे बँकॉक सहलीच्या फोटोनंतर आणि अटी व शर्तींच्या जरा आधी सापडतो. ज्या सभेत ही पुस्तिका वाटतात त्या सभेच्या फलकावर मात्र 'अमर्याद उत्पन्नाची सुवर्णसंधी' असं लिहिलेलं असतं. अमर्याद उत्पन्नाला कमाल मर्यादा कशी, हा प्रश्न मंगल कार्यालयाच्या त्या हॉलमध्ये सहसा विचारला जात नाही. ती ओळ येईपर्यंत मागच्या रांगेपर्यंत समोसे पोचलेले असतात.

कॅपिंग समजून घ्यायचं तर आधी बायनरी प्लॅन समजून घ्यावा लागतो, कारण हा प्रकार सर्वांत जास्त तिथेच आढळतो. बायनरीत प्रत्येकाच्या खाली दोनच जागा असतात, एक लेफ्ट आणि एक राइट. त्या बाजूंखाली वाढत जाणाऱ्या साखळीला लेग म्हणतात. तिसरा माणूस आणला तर त्याला आपल्याच खालच्या कोणाच्या तरी खाली बसवावं लागतं. याला स्पिल म्हणतात, आणि ज्याच्या खाली तो बसला त्याला ही वरच्या सरांची कृपा वाटते. (या धंद्यात सगळेच सर असतात. बावीस वर्षांचा मुलगा प्लॅन दाखवायला उभा राहिला की सर होतो आणि त्याच्या वडिलांच्या वयाचे निवृत्त गृहस्थ पहिल्या रांगेतून त्याला 'येस सर' म्हणतात.) दोन्ही बाजूंना एकेक खरेदी झाली की एक जोडी, म्हणजे पेअर, जुळते आणि वरच्याला ठरलेला बोनस मिळतो. काही प्लॅनमध्ये पहिली पेअर दोनास एक लागते, पुढच्या एकास एक. अलीकडे माणसं मोजण्याऐवजी खरेदीचे गुण मोजतात. त्यांना बीव्ही म्हणतात आणि जोडीला मॅचिंग. माणसांना आकडे म्हटलं तर ऐकायला बरं वाटत नाही, आकड्यांना आकडे म्हटलं तर कोणाची हरकत नसते. हा सगळा हिशेब दिवसातून एकदा, काही ठिकाणी दोनदा, काही ठिकाणी आठवड्यातून एकदा मिटवतात. त्या क्षणाला क्लोजिंग म्हणतात. कॅपिंग लागतं ते याच क्षणी.

आता ही हद्द लागतेच कशाला, हा प्रश्न. त्याचं उत्तर फळ्यावर असतं, पण अर्धवट. फळ्यावर एक गोल काढतात, त्याखाली दोन, त्याखाली चार, त्याखाली आठ. दहाव्या पातळीला १,०२४ होतात आणि तिथे फळा संपतो. फळा मोठा असता तर गोष्ट वेगळ्याच दिशेला गेली असती. पंचविसाव्या पातळीपर्यंत एकूण ६,७१,०८,८६३ माणसं लागतात आणि सव्विसावी पूर्ण भरायची तर १३,४२,१७,७२७. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. म्हणजे पाळण्यातली बाळं, तुरुंगातले कैदी आणि मंत्रालयातले सचिव असे सगळे जॉइन झाले तरी सव्विसाव्या पातळीच्या मध्येच राज्य संपतं. हे गणित आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. वर्तमानपत्रांतून ते छापून येतं आणि 'निगेटिव्ह लोकांचं बोलणं' म्हणून सभेत त्याचा समाचारही घेतला जातो.

कॅपिंगचा उगम मात्र दुसऱ्या गणितात आहे आणि ते सभेत कोणी खोडून काढत नाही, कारण ते कोणी मांडतच नाही. नवा माणूस जॉइन झाला की त्याची मोजणी फक्त त्याच्या लगेच वरच्याकडे होत नाही, वरच्या प्रत्येकाकडे होते. समजा, जॉइनिंगचं पॅकेज १०,००० रुपयांचं आहे आणि दर पेअरला १,००० रुपये बोनस आहे. झाड दोन्ही बाजूंनी अगदी समान भरत आहे, म्हणजे फळ्यावर दाखवलं तसंच. नवी पातळी भरली की वरच्या प्रत्येक माणसाच्या दृष्टीने नव्यांपैकी निम्मे लेफ्टला आणि निम्मे राइटला येतात. त्यामुळे वरची कुठलीही एक पातळी घेतली तरी त्या पातळीवर मिळून जेवढे नवे आले त्याच्या निम्म्या पेअर जुळतात. वर एक पातळी असेल तर एका नव्या माणसामागे अर्धी पेअर. वर दहा पातळ्या असतील तर पाच. वर वीस असतील तर दहा.

दहा पेअर म्हणजे १०,००० रुपये. विसाव्या पातळीच्या माणसाने भरलेले सगळेच्या सगळे पैसे बोनसमध्ये गेले. त्याला द्यायचा स्पिरुलिनाच्या कॅप्सूलचा डबा, डब्याचं कुरियर, हॉलचं भाडं, समोसे, ऑफिसातल्या मुलीचा पगार, यांपैकी कशालाही रुपया उरला नाही. एकविसाव्या पातळीला एका माणसामागे १०,५०० रुपये वाटावे लागतात, म्हणजे दर जॉइनिंगमागे कंपनीने खिशातून ५०० घालायचे. प्लॅन जसा फळ्यावर दाखवतात तसाच तंतोतंत चालला तर कंपनी एकविसाव्या पातळीला बुडते. कॅपिंग ही प्लॅन फसण्याविरुद्धची तरतूद नाही, ती प्लॅन यशस्वी होण्याविरुद्धची तरतूद आहे. अख्ख्या पुस्तिकेत गणिताची भीती कबूल करणारी ओळ ही एकच असते. त्या अर्थाने तिला पुस्तिकेतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य म्हणायला हरकत नाही.

एका ओळीने किती फरक पडतो हे याच उदाहरणात दिसतं. समजा, एका क्लोजिंगला आठ पेअरचं कॅपिंग लावलं आणि विसावी पातळी एकाच क्लोजिंगमध्ये भरली. नव्या लोकांच्या लगेच वरच्यांना एकेक पेअर मिळते, त्यांच्या वरच्यांना दोन, मग चार, मग आठ. इथपर्यंत कोणाला धक्का लागत नाही. पाचव्या पायरीवरच्याला सोळा मिळायला हव्यात, आठ मिळतात. सहावीवरच्याला बत्तीस हव्यात, आठ मिळतात. असं करत करत अगदी शेंड्यावरच्या पहिल्या माणसापर्यंत आलं, तर त्याच्या खात्यात त्या क्लोजिंगला ५,२४,२८८ पेअर जुळलेल्या असतात. हजाराच्या दराने ते ५२ कोटी ४२ लाख ८८ हजार रुपये होतात. त्याला मिळतात आठ हजार. सगळ्या पातळ्यांची बेरीज केली तर एका नव्या माणसामागे दहाऐवजी जवळपास अडीच पेअर वाटल्या जातात. दहा हजारांतले दहा हजार जात होते तिथे अडीच हजार जाऊ लागले आणि साडेसात हजार घरी राहिले. एवढं काम एका ओळीने केलेलं दुसरं उदाहरण सावकारी कागदपत्रांतही सहज सापडायचं नाही.

कापलेल्या पेअरचं पुढे काय होतं, याचे दोन-तीन प्रकार आहेत. दोन बाजूंपैकी एकीकडे जे जास्तीचं उरतं ते बहुतेक प्लॅनमध्ये पुढच्या क्लोजिंगला नेतात, त्याला कॅरी फॉरवर्ड म्हणतात. पण जुळलेली आणि कॅपिंगच्या वर गेलेली पेअर पुढे जात नाही, ती फ्लश होते. काही प्लॅनमध्ये कॅपिंग लागलं की कॅरी फॉरवर्डही सोबत धुऊन काढतात आणि दोन्ही बाजू शून्यावर आणतात, म्हणजे माणसाने उद्या नव्या उमेदीने सुरुवात करावी. गंमत अशी की हे सगळं ज्याच्या बाबतीत घडतं त्याचा सत्कार होतो. 'कॅपिंग अचीव्हर' म्हणून त्याला मंचावर बोलावतात, गळ्यात पट्टा घालतात, मे महिन्यात ब्लेझर घातलेले वरचे सर त्याला मिठी मारतात. नोकरदाराचा पगार कापला तर तो युनियनकडे जातो. इथे बोनस कापला गेल्याबद्दल टाळ्या वाजतात आणि ज्याचा कापला तोच सर्वांत मोठ्याने वाजवतो.

बायनरीत आणखी एक मर्यादा असते. ती पुस्तिकेत मर्यादा म्हणून लिहिलेली नसते, पण कापते सर्वांत जास्त तीच. बोनस नेहमी दोन बाजूंपैकी कमी भरलेल्या बाजूवर मिळतो. एका बाजूला ४० लाख बीव्ही आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर मिळणारी रक्कम शून्य. मोठी बाजू बहुधा वरच्यांच्या स्पिलने भरलेली असते, तिला पॉवर लेग म्हणतात आणि भरतीच्या वेळी तीच दाखवतात : 'तुम्ही आज जॉइन झालात तर ही सगळी लेग तुमची.' दुसरी बाजू ज्याची त्याने भरायची. वर्षानुवर्षं लोक डॅशबोर्ड उघडून डावीकडचा फुगत चाललेला आकडा बघतात आणि कोणी विचारलं तर सांगतात, 'लेफ्ट जोरात चाललाय, फक्त राइटला काम करायचंय.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकू येऊ शकतं आणि दोन वर्षांनी त्याच टपरीवर त्याच माणसाकडून पुन्हा ऐकू येऊ शकतं. कंपनीच्या दृष्टीने डावीकडचे ते लाखो गुण विकलेल्या मालाचे आहेत, त्यांचे पैसे आलेले आहेत आणि त्यांवर बोनस द्यायचा नाही. कमकुवत लेग असल्यामुळेच प्रत्यक्षात वाटप विसाव्या पातळीच्या त्या भीषण आकड्याच्या जवळही जात नाही. कॅपिंग ही फक्त ज्यांच्या दोन्ही बाजू चालतात त्या मूठभरांसाठी ठेवलेली दुसरी चाळणी.

मर्यादा आली की तिच्यावर उपायही आले. पहिला उपाय एकापेक्षा जास्त आयडींचा. कॅपिंग माणसाला नसतं, आयडीला असतं, हे चतुर लोकांच्या लवकर लक्षात येतं. मग स्वतःची आयडी वर, सौभाग्यवतींची लेफ्टला, मातोश्रींची राइटला, असं तीन आयडींचं छोटं झाड लावतात आणि हौशी लोक सात आयडींचं. घरात वंशावळ एक असते आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी. दुसरीत आई मुलाची डाउनलाइन, म्हणजे खालची सदस्य असते. एका पॅनवर एकच आयडी असा नियम असला तर मेहुणे, साडू आणि गावाकडचे चुलते उपयोगी पडतात, आणि ज्या काकूंना मोबाइलवर फोटोसुद्धा उघडता येत नाही त्या कागदोपत्री सिल्व्हर लीडर होऊन बसतात. तीन आयडी म्हणजे तीन पॅकेजं, त्यामुळे मर्यादा ओलांडण्याची तजवीज करताना माणूस दहाऐवजी तीस हजार भरतो. मर्यादेचा पहिला फायदा कंपनीला बोनस वाचवून झाला, दुसरा ती चुकवण्याच्या धडपडीतून.

दुसरा उपाय कंपनीनेच पुरवलेला असतो. लहान पॅकेज घेतलं तर कॅपिंग कमी, मोठं घेतलं तर जास्त. सिल्व्हरला दिवसाला दोन हजार, गोल्डला पाच, डायमंडला पंचवीस, अशा धर्तीची पाटी असते. इथे माल विकला जात नाही, उंची विकली जाते. माणूस जास्त पैसे मोजून आपल्या डोक्यावरचं छत वर सरकवून घेतो. त्याचं डोकं त्या छताला कधी लागणार आहे की नाही, हा वेगळा विषय. महिनाभरात बाराशे रुपये बोनस मिळवलेला माणूस दिवसाला पंचवीस हजारांचं कॅपिंग विकत घेताना दिसतो, कारण सरांनी सांगितलेलं असतं की विचार मोठा ठेवायचा. या खरेदीवरही बीव्ही असतात आणि ते सरांकडे मोजले जातात, हा योगायोग समजावा.

तिसरा उपाय वेळेचा. क्लोजिंग रात्री बाराला असेल तर पावणेबाराला महाराष्ट्रातल्या काही घरांत तणाव असतो. ज्याचं आजचं कॅपिंग झालेलं आहे तो खालच्याला फोन करून सांगतो, 'तो फॉर्म आत्ता टाकू नका, बारा वाजून पाच मिनिटांनी टाका.' कारण आज टाकला तर पेअर फ्लश, उद्या टाकला तर हजार रुपये. पण साखळीत एकच माणूस नसतो. त्याच्याही वर कोणीतरी असतो आणि त्याला आजच्या टार्गेटला नेमकी एक पेअर कमी पडत असते. तो त्याच माणसाला त्याच वेळी फोन करून सांगतो, 'फॉर्म आत्ताच टाका, उद्यावर ढकललं ते यश नाही.' मधला माणूस एका हातात नव्या गिऱ्हाईकाचं आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा. जॉइन होणारा गृहस्थ सोफ्यावर जांभया देत बसलेला, त्याला वाटतं, एवढ्या रात्री दोन-दोन मोठे सर आपल्यासाठी जागे आहेत म्हणजे कंपनी दमदार आहे. वर-खाली सर्वांचे हितसंबंध एक असतात, असं सभेत सांगतात. कॅपिंगमुळे ते बारा वाजायच्या आधी एक आणि नंतर दुसरे होतात.

बोनसवर बोनस असाही एक प्रकार आहे. आपण थेट आणलेल्या माणसाला जो पेअर बोनस मिळतो त्यावर काही टक्के आपल्याला मिळतात. खालच्याला कॅपिंग लागलं की वरच्याचा हा बोनसही तिथेच थांबतो, आणि शिवाय त्याला स्वतःचं वेगळं कॅपिंग असतं. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

बायनरीबाहेरच्या प्लॅनमध्येही मर्यादा असतात, फक्त त्यांना कॅपिंग म्हणत नाहीत. युनिलेव्हल प्लॅनमध्ये आडवं कितीही पसरता येतं, पण बोनस ठरावीक पातळ्यांपर्यंतच मिळतो. हर्बालाइफ या कंपनीच्या योजनेत सुपरवायझरच्या खालच्या तीन पातळ्यांवर ५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी मिळते; त्याखालच्यांच्या विक्रीतून काही हवं असेल तर आणखी वरचं पद गाठून वेगळ्या बोनसला पात्र व्हावं लागतं. मॅट्रिक्स प्लॅनमध्ये रुंदी आणि खोली दोन्ही बांधलेल्या असतात. तीन बाय नऊच्या मॅट्रिक्समध्ये एका माणसाखाली जास्तीत जास्त २९,५२३ जागा असतात, त्याहून जास्त उत्साह सॉफ्टवेअर स्वीकारत नाही. काही कंपन्या एकाच लेगमधून ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त व्यवसाय मोजत नाहीत. एखाद्याला एकच खरा कर्तबगार माणूस सापडला आणि त्याच्या जिवावर तो वर जाऊ लागला, तर त्याची ही सोय या नियमाने बंद होते.

सर्वांत मुरलेली मर्यादा पायऱ्यांच्या प्लॅनमध्ये आहे आणि तिचं प्रसिद्ध उदाहरण ॲमवेचं. १९५९ साली मिशिगनमधल्या एडा या गावी जे व्हॅन अँडेल आणि रिच डिव्हॉस यांनी ही कंपनी काढली. त्याआधी १९४९पासून ते दोघे न्यूट्रिलाइटच्या व्हिटॅमिन गोळ्या याच पद्धतीने विकत होते. अमेरिकेतल्या ॲमवेच्या तक्त्यात महिन्याला १०० पीव्ही (हेही खरेदीचे गुणच) झाले तर ३ टक्के बोनस, ३०० ला ६, असं चढत चढत ७,५०० पीव्हीला २५ टक्के. त्यापुढे पायरी नाही. ७५,००० पीव्ही झाले तरी २५ टक्केच. शिवाय हा बोनस फरकाने मिळतो. वरचा २५ टक्क्यांवर आणि खालचा १२ वर असेल तर खालच्याच्या व्यवसायावर वरच्याला १३ टक्के मिळतात. खालचा मेहनत करून २१ वर आला की वरच्याला ४ उरतात. खालचाही २५ वर पोचला की फरक शून्य. ज्या शिष्याच्या प्रगतीसाठी गुरूने रात्रीच्या रात्री जागून काढल्या, त्याची प्रगती पूर्ण झाल्याची बातमी गुरूला उत्पन्न घटल्यावरून कळते. हे फार झोंबू नये म्हणून अशा वेगळ्या झालेल्या गटावर नेतृत्व बोनस ठेवलेला आहे, पण तो पूर्ण मिळण्यासाठी स्वतःच्या उरलेल्या गटात पुरेसा व्यवसाय असावा लागतो. एरवी शिष्य १२ टक्क्यांवर रेंगाळलेला बरा असं कोणी उघड म्हणत नाही, पण तक्ता म्हणतो.

आतापर्यंतच्या मर्यादा माणसाला किंवा आयडीला होत्या. एक मर्यादा अख्ख्या कंपनीच्या वाटपाला असते. एकूण विक्रीच्या समजा ४५ टक्क्यांहून जास्त बोनस वाटायचा नाही असं ठरलेलं असतं आणि एखाद्या आठवड्यात हिशेब ५० वर गेला तर सगळ्यांचे बोनस त्या प्रमाणात खाली आणतात. पंगतीला पानं वाढली की आमटीत तांब्याभर पाणी पडतं, तसंच हे. कोणालाही कमी वाढल्याची तक्रार करता येत नाही. फंडांचंही असंच. ट्रॅव्हल फंड, कार फंड, हाउस फंड यांच्यासाठी विक्रीचे काही टक्के बाजूला काढतात आणि पात्र लोकांच्या एकूण गुणांनी भागतात. जितके लोक पात्र होतील तितकी एका गुणाची किंमत उतरते. त्यामुळे कार फंडाला पात्र झालेल्या माणसाच्या मनातली शुद्ध इच्छा अशी असते की बाकी सर्वांनी सभेला यावं, टाळ्या वाजवाव्यात आणि पात्र मात्र होऊ नये.

या साऱ्या हद्दींना डोकं लागतं कोणाचं, याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४मध्ये एक अहवाल काढला. त्यांनी ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची निवेदनं तपासली. त्यांतल्या बहुतेक कंपन्यांच्या आकड्यांनुसार बहुसंख्य सदस्यांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळत होते, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरपेक्षा कमी. आणि किमान १७ कंपन्यांत बहुसंख्य सदस्यांना काहीच मिळत नव्हतं. यात सभेला जाण्याचं पेट्रोल, स्वतः घेतलेला माल आणि ब्लेझर यांचा खर्च वजा केलेला नाही. अशा लोकांच्या दृष्टीने आठवड्याचं कॅपिंग पाच हजार असो की पाच लाख, सारखंच. तरीही सभेनंतर पायऱ्यांवर उभं राहून सर्वांत तावातावाने चर्चा होते ती याच आकड्याची. अमुक कंपनीचं कॅपिंग तमुक कंपनीपेक्षा चांगलं आहे, असा निर्वाळा देणारा माणूस बहुधा घरी जायला रिक्षाऐवजी शेवटची एसटी पकडतो.

सरकारांनीही बोनसला हद्दी घातल्या आहेत आणि त्यांचा रोख वेगळा आहे. कंपन्यांची मर्यादा 'किती' यावर असते, कायद्याची 'कशावर' यावर. १९७९ साली फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवे ही पिरॅमिड योजना नाही असा निर्णय दिला, तेव्हा कंपनीच्या तीन नियमांना महत्त्व दिलं : न विकलेला माल परत घेणं, विकत घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकणं आणि महिन्याला १० वेगवेगळ्या ग्राहकांना माल विकल्याशिवाय बोनस न मिळणं. त्याच निर्णयात उत्पन्नाची फुगवून केलेली वर्णनं थांबवण्याचा आदेशही होता. सभांमध्ये निर्णयाचा पहिला भाग सांगितला जातो. २०१६मध्ये हर्बालाइफने याच आयोगाशी तडजोड करताना २० कोटी डॉलर भरले आणि अमेरिकेतली बोनसची रचना बदलली. वितरकाला मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग नोंद असलेल्या किरकोळ विक्रीतून यायला हवा, त्याच्या गटातल्या लोकांनी स्वतःसाठी घेतलेल्या मालाचा वाटा एक तृतीयांशपेक्षा जास्त धरता येणार नाही, अशी अट आली. शिवाय कंपनीच्या विक्रीपैकी किमान ८० टक्के विक्री खऱ्या ग्राहकांना झालेली नसेल तर वितरकांचा मोबदलाच कमी करायचा, हीसुद्धा. हेही एक कॅपिंगच, फक्त ते कंपनीने घातलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणाच्या गळ्यात पट्टा घातला नाही.

भारतात १९७८चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजना बंदी कायदा आहे. २८ डिसेंबर २०२१ला केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम अधिसूचित केले आणि पिरॅमिड योजना व मनी सर्क्युलेशनला थेट विक्रीच्या नावाखाली चालवायला मनाई केली. एप्रिल २०२२मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवे इंडियाची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली. माल विकण्यापेक्षा सदस्य वाढवण्यावर भर असल्याचा आरोप होता, आणि आपण कायद्याचं पालन करत आलो आहोत असं कंपनीचं म्हणणं होतं. थेट विक्रीच्या नियमांत माणसं आणण्याबद्दल मोबदला नको हे आहे. दिवसाला किती पेअर, आठवड्याला किती रुपये, याबद्दल मात्र आकडा नाही. तो ठरवण्याचं काम कंपनीकडेच राहिलं आहे, आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या कलमानुसार पूर्वसूचना न देता तो कमी करण्याचा अधिकारही.